मगरपट्ट्याचा हिशोब



परवा उन्हाळी कांद्याला पाणी देत होतो, तेवढ्यात बांधावर एक पांढरी गाडी येऊन थांबली. एजंट होता. रिंगरोडची आखणी झाल्यापासून आमच्या पूर्व हवेलीत आठवड्याला एखादी गाडी येतेच. "दादा, एकरी काय म्हणायचं?" आमचे तात्या बांधावरच बसलेले. ते म्हणाले, "इकायची नाही. मगरपट्ट्यासारखं करणार असाल तर बोला." एजंट हसला, कार्ड ठेवून गेला.

हे वाक्य आपल्याकडं आता म्हणीसारखं झालंय. जमिनीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, मगरपट्ट्यासारखं करू. पण तिथं नेमकं काय झालं हे विचारलं तर दहातल्या आठ जणांना "मगरांनी टाउनशिप काढली आणि करोडपती झाले" यापलीकडं सांगता येत नाही. मीही त्या आठातलाच होतो. मागच्या वर्षी मोसंबीची छाटणी उरकल्यावर थोडं वाचलं, थोडं विचारलं. ते इथं मांडतोय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या गावावरून रस्ता जातोय त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

आधी ती जमीन काय होती ते बघू. खडकवासल्याचं धरण इंग्रजांनी १८७० च्या दशकात बांधून पुरं केलं आणि मुठेचा उजवा कालवा पुण्यातून हडपसर, लोणीच्या अंगानं पूर्वेला आला. त्या पाण्यानं हडपसर बदललं. ऊस आला, भाजीपाला आला, पुण्याच्या मंडईला माल जायला लागला. शहर जवळ, पाणी बारमाही, रान काळं. आजच्या भाषेत सांगायचं तर शेतकऱ्याला जे जे हवं ते सगळं एका जागी. मगरपट्टा म्हणजे मगर भावकीचा रानाचा पट्टा. नावातच मालकी आहे.

अजून एक गोष्ट तिथं होती, जिचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. सहकार. हडपसरचे अण्णासाहेब मगर हे आमदार, खासदार झाले, पिंपरी-चिंचवड नगरपालिकेचे १९७० साली पहिले अध्यक्ष झाले. थेऊरचा यशवंत साखर कारखाना त्यांच्याच पुढाकारानं उभा राहिला. म्हणजे त्या भागातल्या माणसाला शेअर म्हणजे काय, वार्षिक सभा कशी चालते, संचालक मंडळाला प्रश्न कसा विचारायचा, हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. घरात कारखान्याचा शेअर होता. माझं मत असं की मगरपट्ट्याची खरी सुरुवात तिथं आहे. ऊस घालायची सवय असलेल्या लोकांनी पुढं एकदा जमीन घातली.

आता शहराकडं वळू. पिंपरी-चिंचवडला कारखाने आले, पाठोपाठ हडपसरलाही औद्योगिक वसाहत झाली. सोलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शेड उभ्या राहायला लागल्या. हडपसर पालिकेच्या हद्दीत आलेलं. १९८२ च्या आराखड्यात ही शेती पुढं शहरात घ्यायच्या पट्ट्यात दाखवली गेली. शेतकरी ऊस लावत होता, नकाशा त्याच उसावर घरं लावत होता.

इथं एक कायदा समजून घ्यायला लागतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर फिरते. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा. आपण त्याला नुसतं 'यूएलसी' म्हणायचो. पुण्यासारख्या शहरात एका धारकाला मोकळी जमीन ठेवता यायची १००० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम दहा गुंठे. त्यावरची जादा जमीन सरकारकडं. भरपाई किती? आपल्या वर्गाच्या शहरात चौरस मीटरला जास्तीत जास्त १० रुपये. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, तेव्हा एकराला धरा चाळीस हजार रुपये. त्यातही एका धारकाला एकूण दोन लाखांच्या वर काही नाही, मग त्याची जमीन पाच एकर जाऊ द्या नाहीतर पन्नास.

तुम्ही म्हणाल, शेतीला तर सूट होती. होती. पण मेख अशी की आराखड्यात ती जमीन शेतीसोडून दुसऱ्या कामासाठी दाखवली, की प्रत्यक्षात ऊस डोलत असला तरी कायद्याच्या लेखी ती शेती राहात नव्हती. म्हणजे नकाशावरचा रंग बदलला की तुम्ही बागायतदाराचे एकदम 'जादा मोकळ्या जमिनीचे धारक' होता. रानातलं पीक तेच, माणूस तोच, बैल तोच.

मग अशा वेळी शेतकरी काय करतो? जे सगळीकडं करतो तेच. कायद्याचा फास बसायच्या आत तुकडा विकून मोकळा होतो. पुण्याभोवतीची किती गावं अशी गेली ते आपण डोळ्यांनी बघितलंय. आधी रस्त्याकडंचे दहा गुंठे, मग मुलीच्या लग्नाला वीस, मग आजारपणाला एक एकर. गुंठेवारी होते, गल्ल्या बोळ होतात, ड्रेनेज नसतं. पैसा येतो तो गाडीत, बंगल्यात आणि पाहुण्यात जातो. दहा वर्षांनी त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगच्या गेटवर त्याच घरातला पोरगा वॉचमन असतो. हे मी कोणाला हिणवायला लिहीत नाही. आमच्या शिवेच्या पलीकडच्या वस्तीवर झालंय हे.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच वेळ मगरपट्ट्यावर आली. तेव्हा पुढाकार घेतला सतीश मगर यांनी. शिक्षण कृषी महाविद्यालयातलं, म्हणजे आपल्यातलाच माणूस. सुमारे १२० कुटुंबं, सलग सुमारे ४०० एकर. बहुतेक घरं एका भावकीची. त्यांनी ठरवलं की कोणी सुटं विकायचं नाही, जमीन एकत्र करायची आणि तिच्यावरचं गाव आपणच वसवायचं. १९९३ साली तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांच्यापुढं ही योजना ठेवली गेली. परवानग्या, सवलती, मोजणी, आराखडा यात वर्षं गेली. आराखडा आर्किटेक्ट हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडून घेतला. प्रत्यक्ष कामाला कुदळ लागली २००० साली.

हे सात-आठ शब्दांत लिहिलं, पण थांबा. १२० घरं. आपल्याकडं चार भावांची एका विहिरीवर पाळी ठरत नाही. बांध कोरलाय म्हणून तीस वर्षं कोर्टात जाणारे आपण. प्रत्येक घराचा सातबारा, त्यावर आजोबांच्या काळाच्या नोंदी, मयताच्या वारसनोंदी, बहिणींचे हक्क, सोसायटीचा बोजा. हे सगळं निस्तरल्याशिवाय एक वीटसुद्धा लागत नाही. लोक विचारतात मगरपट्टा दुसरीकडं का झाला नाही. मला तर प्रश्न पडतो, तो तिथं झाला कसा. भावकी हे एक उत्तर. रोज तोंड बघायचं असतं, एकमेकांच्या मयतीला खांदा द्यायचा असतो, त्यामुळं शब्द मोडणं अवघड. पण नुसत्या भावकीनं भागत नाही, भावकीत वैरही तेवढंच असतं. खरं उत्तर मला कागदात दिसतं.

कागद असा. कुटुंबांनी मिळून कंपनी केली, मगरपट्टा टाउनशिप डेव्हलपमेंट अँड कन्स्ट्रक्शन कंपनी. ज्याची जेवढी जमीन त्याला त्या प्रमाणात शेअर. समजा तुमचे दोन एकर, तर चारशेत तुमचा वाटा दोनशेवा भाग, शंभरातला अर्धा. आता गंमत बघा. तुमच्या दोन एकरांवर बाग आली का, रस्ता आला का, शाळा आली का बारा मजली इमारत आली, याचा तुमच्या पैशाशी संबंध उरला नाही. सगळ्या चारशे एकरांतून जे येईल त्यातला अर्धा टक्का तुमचा. आरक्षण कोणाच्या रानावर पडलं यावरून जी भांडणं होतात, ती एका झटक्यात संपली. आराखड्यात चांगली मोठी बाग काढता आली ती यामुळंच. सुट्या मालकांत कुठला मालक म्हणेल, माझ्या रानावर बाग करा?

दुसरी अट जास्त महत्त्वाची. शेअर विकायचा झाला तर आपल्यातच विकायचा, बाहेरच्याला नाही. म्हणजे एखाद्याला पैशाची नड आली तर त्याची सोय होते, पण त्या वाटेनं बाहेरचा बिल्डर आत शिरत नाही.

तिसरी गोष्ट, घरं विकली पण आयटीच्या इमारती ठेवल्या. घराच्या विक्रीतून जमिनीचा वाटा कुटुंबांना टप्प्याटप्प्यानं मिळत गेला, एकरकमी नाही. पहिल्या टप्प्याच्या बुकिंगचा पैसा पुढच्या टप्प्याला. आणि सायबरसिटीतली ऑफिसची जागा भाड्यानं दिली. ते भाडं चालू राहतं. आपल्या भाषेत घरं म्हणजे ऊस, एकदा तुटला की गाडी कारखान्याला गेली. भाड्याची इमारत म्हणजे दारातली म्हैस.

यात नशिबाचाही वाटा आहे, तो नाकारू नये. २००० च्या आसपास पुण्यात आयटी नुकती वाढायला लागली होती आणि मोठ्या जागेची गरज होती. हेच १९८५ ला केलं असतं तर एवढी ऑफिसं कोणी घेतली असती? यूएलसीचा कायदासुद्धा केंद्रानं १९९९ ला मागं घेतला, महाराष्ट्रानं २००७ ला.

शेअर आणि बाहेरचा माणूस या मुद्द्यावर एक जुनी गोष्ट सांगतो, इंग्लंडची. एबेनेझर हॉवर्ड म्हणून पार्लमेंटमध्ये लघुलेखनाचं काम करणारा साधा माणूस. त्यानं १८९८ साली एक पुस्तक लिहिलं. कल्पना अशी की शेतजमीन शेतीच्या भावानं घ्यायची, हजार एकरावर नगर वसवायचं, भोवती पाच हजार एकर शेती तशीच राखायची. गाव वाढलं की जमिनीचा भाव वाढणारच. ती वाढ जमीनदाराच्या खिशात न जाता गावाच्याच कामी यावी. १९०३ साली लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ इथं ३८१८ एकर शेतजमीन घेऊन हे सुरू झालं. कंपनी काढली, आणि शेअरवर वर्षाला पाच टक्क्यांपेक्षा जास्त नफा वाटायचा नाही असं ठरलं. पन्नास-साठ वर्षं बरं चाललं. पुढं ही नफ्याची अट ढिली झाली. तोवर जमिनीचा भाव कुठल्या कुठं गेला होता. १९६०-६१ च्या सुमारास हॉटेल यॉर्क नावाच्या बाहेरच्या कंपनीनं शेअर गोळा करून लेचवर्थची कंपनीच ताब्यात घेतली. गाव हादरलं. शेवटी १९६२ ला पार्लमेंटला खास कायदा करून ती मालमत्ता सार्वजनिक मंडळाकडं द्यावी लागली.

म्हणजे गाव बांधणं एक, आणि बांधल्यावर ते ताब्यात ठेवणं दुसरं. शेअर बाहेर विकता येत नाही ही एक ओळ किती मोलाची आहे हे लेचवर्थवरून कळतं. अजून एक फरक आहे. लेचवर्थला ज्यांची शेतं होती त्यांना किंमत मिळाली आणि ते बाजूला झाले. पुढची वाढ गावाला मिळाली, त्यांना नाही. मगरपट्ट्यात शेतं ज्यांची तेच कंपनी.

पैशाइतकाच मोठा प्रश्न होता कामाचा. पंचवीस वर्षांचा गडी, हाताला नांगराची सवय, उद्यापासून रान नाही. त्यानं करायचं काय? दिवसभर पारावर बसला तर पैसा टिकणार नाही. म्हणून घरातल्या तरुणांना शिकवून त्यांनाच ठेके दिले गेले. खोदाई, वाहतूक, सिमेंटचे ब्लॉक, बागकाम, साफसफाई. बांधकामाचं गाव म्हणजे रोज शंभर कामं निघतात, ती बाहेर जाऊ दिली नाहीत. मला हा भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

शेतकऱ्याची सवय आराखड्यातही दिसते. ओल्या कचऱ्याचं गांडूळखत आणि बायोगॅस, छतावर सौरबंब, मधोमध पंचवीस एकरांच्या आसपासची अदिती बाग. खत बाहेर टाकून द्यायचं हे आपल्या डोक्यात बसतच नाही ना.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर ही जाहिरात होईल.

शेअर मिळाला तो जमिनीच्या प्रमाणात. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला शेअर नाही. बागायती पट्ट्यात मालकापेक्षा राबणारे हात जास्त असतात. खुरपणीच्या बाया, सालगडी, बैलगाडीवाले, माळव्याच्या पाट्या उचलणारे. जमीन शेती होती तोवर त्यांची रोजी त्या जमिनीवर होती, पण कागदावर त्यांचं नाव कुठंच नव्हतं. जमीन एकत्र करायची कुठलीही योजना घ्या, तिथं हेच होतं, कारण सातबारा घाम मोजत नाही. आणि सातबाऱ्यावर नसणाऱ्यांत आपल्या घरातल्याच बाया येतात. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, साडीचोळी करायची आणि मग सांगायचं, सगळं घर एकत्र आहे. हे आमच्याकडं झालेलं आहे, माझ्याच आत्यांच्या बाबतीत. ती सही घेताना मी तिथं होतो, पेन मीच दिलं होतं.

जमीन म्हणून जे गेलं ते गेलंच. कालव्याखालचं काळं रान परत तयार होत नाही. आता त्याच्यावर पार्किंग आहे. एक एकर भारी रान गाडलं म्हणजे मंडईचा माल पन्नास किलोमीटर लांबून आणायचा. मगरांनी केलं नसतं तर ते रान वाचलं असतं असं मात्र नाही. ते गुंठ्यागुंठ्यानं गेलं असतं. तिथं निवड शेती का शहर अशी उरलीच नव्हती. कुणाचं शहर, एवढंच उरलं होतं.

आणि याला गाव म्हणायचं का? कुटुंबं तिथंच राहिली, हे खरं. पण भोवती कुंपण, दारावर गार्ड. बाहेर जुनं हडपसर, सोलापूर रस्त्याची कोंडी, उड्डाणपुलाखालची भाजी. आतल्या आखीव रस्त्यांचा बाहेरच्यांना फारसा उपयोग नाही. गावाला वेस असते, पण वेशीवर ओळखपत्र दाखवायला लागत नव्हतं.

हीच पद्धत पुढं सिंहगड रस्त्याला नांदेड गावच्या शेतकऱ्यांबरोबर झाली, सुमारे सातशे एकरांवर, नांदेड सिटी. म्हणजे एकदाच जमलेला योग नव्हता.

याच्या उलट उदाहरण आंध्रचं. राजधानी अमरावतीसाठी २०१५ ला २९ गावांच्या शेतकऱ्यांनी तेहतीस हजार एकरांच्या घरात जमीन स्वखुशीनं एकत्र दिली. बदल्यात एकराला ठरावीक विकसित प्लॉट आणि दहा वर्षं वार्षिक रक्कम, जिरायतीला ३० हजार आणि बागायतीला ५० हजारांपासून. ऐकायला मगरपट्ट्यासारखंच. पण जमीन दिली ती सरकारला. २०१९ ला सरकार बदललं, नव्या सरकारनं तीन राजधान्या काढल्या आणि काम ठप्प झालं. रान गेलेलं, प्लॉट नकाशावर. ते शेतकरी, त्यात बाया पुढं, काही वर्षं आंदोलनात बसले होते. पुढं सरकार परत बदललं आणि काम परत सुरू झालं, पण शेतकऱ्याच्या हातात मधल्या वर्षांत काहीच नव्हतं. सभेत हात वर करून विरोध नोंदवायला ती त्यांची कंपनी नव्हती.

थेऊरचा यशवंत कारखाना मात्र २०११ पासून बंद आहे. तिथंही शेअर शेतकऱ्यांचेच होते. म्हणून कागद चांगला असला की झालं, असंही मी म्हणणार नाही. कागद सांभाळणारी माणसं लागतात, आणि सभेला जाऊन हिशोब विचारणारी त्याहून जास्त.

आता आमचं. तात्यांनी एजंटाला मगरपट्टा सांगितला खरा, पण रात्री जेवताना मी विचारलं, "तात्या, आपली चार घरं, अकरा एकर. त्यातल्या तीन एकरावर अजून आज्याचं नाव. पलीकडच्या बापूंशी बांधावरून बोलणं बंद. एकत्र करायचं म्हणजे पहिल्यांदा कोणाकडं जायचं?"

तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बापूकडं मी जातो. तू आत्यांना फोन लाव."

आत्यांना काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही. सोमवारी तलाठ्याकडं जाऊन वारसनोंदीचे उतारे काढणार आहे. शिवारातल्या अजून सहा घरांनी यायची तयारी दाखवली तर सलग साठ एकर होतात. ज्यांच्या गावात असा काही प्रयत्न झाला असेल, जमला असेल नाहीतर फसला असेल, त्यांनी खाली लिहा. फसलेल्यांनी तर नक्की लिहा.

कांद्याचं पाणी आज पुरं झालं. एजंटाचा परत फोन येऊन गेला, मी उचलला नाही.